कडेची पाखरं

तो तिच्या तिपाईला अडखळला, दुर्बीण चिखलात पडली आणि समोरच्या पाण्यावरची शंभर-दीडशे बदकं एकदम उठून गेली. तीन गोष्टी एका दमात. त्यातली सगळ्यात वाईट कोणती, यावर दोघांचं एकमत झालं नाही.

“दुर्बीण!” ती ओरडली.

“बदकं!” तो ओरडला.

पाणी हळूहळू निवळलं.

“दिसत नाही का हो तुम्हाला? एवढी तीन पायांची तिपाई उभी आहे!”

“दिसतं की. पण काल इथे काही नव्हतं.”

“काल मी दुकानात होते.”

“मग बघा... चूक कोणाची?”

उंच, काटकुळा, गुडघ्यापर्यंत रबरी बूट आणि गळ्यात दोरीने अडकवलेली वही. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कामाला होता. रोज सकाळी तळ्याची पातळी बघून नोंदवायची, एवढंच त्याचं काम. लांब पाय आणि तासन्‌तास एका जागी उभं राहायची सवय, म्हणून कचेरीत सगळे त्याला ‘बगळा’ म्हणत. त्याला इतकं अंगवळणी पडलेलं, की फोन उचलला तरी म्हणायचा, “बगळा बोलतोय.”

आणि ती? मामाच्या चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची. मामा दुर्बिणीही दुरुस्त करायचा. दुरुस्त झालेली एक दुर्बीण लांबवरचं नीट दाखवते का, ते बघायला सुट्टीच्या सकाळी ती तळ्यावर आलेली.

“डोळे तपासता आणि स्वतःला चष्मा नाही?” त्याने दुर्बिणीवरचा चिखल आपल्या बाहीने पुसत विचारलं.

“दाताच्या डॉक्टरला कवळी असते का?”

तो हसला. हसताना मान थोडी मागे टाकायचा. तिने बघितलं, आणि बघितलं नाही असं दाखवलं.

“चष्मेवाली,” तो म्हणाला, “बदकं तुम्ही उडवलीत...”

“मी?”

“...आता परत बसली की मोजायला मदत करा. दुसरा मोजणारा हवाच आहे मला.”

•

नियम असा.

दोघांनी पाठीला पाठ लावून नाही, पण एकमेकांपासून वीस पावलं लांब उभं राहायचं. एकाच वेळी मोजायला लागायचं. आकडा मोठ्याने म्हणायचा नाही, पुटपुटायचाही नाही. चिठ्ठीवर लिहायचा, घडी घालायची आणि मग चिठ्ठ्यांची अदलाबदल. दुसऱ्याचा आकडा आधी कळला, की आपला डोळा त्याच्या मागे धावतो आणि नसलेली पाखरं दिसायला लागतात, असं गुरुजी सांगायचे.

गुरुजी म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले म्हातारे मास्तर, बगळ्याचे जोडीदार. थंडीत उत्तरेकडून पाखरं येऊन उतरली, की ती जाईपर्यंत दर आठवड्याला दोघं मोजायचे. तीन वर्षांपूर्वी गुरुजी गेले. तेव्हापासून बगळा एकटाच मोजायचा.

आणि तेव्हापासूनच पाखरं कमी होत होती.

“पूर्वी दोन हजारांच्या घरात असायची,” तो वही उलटत म्हणाला. “मग पंधराशे. गेली दोन वर्षं हजाराच्या आत. यंदाही हजाराच्या आत राहिली, तर तळं राखीव यादीतून जाणार. पलीकडचा हॉटेलवाला मोटारबोटी रंगवूनच बसलाय.”

“आणि आकडा कोणाचा धरतात?”

“माझा. हंगामाच्या शेवटी मी सही करायची. म्हणजे... फाशीचा कागद मीच लिहायचा.”

हे त्याने हसत सांगितलं. पण या वेळी मान मागे गेली नाही.

•

चिठ्ठ्या.

त्याची: थापटे ६०. तलवार बदकं १४०. चांदवे ९०.
तिची: फताड्या चोचीचे ९५. टोकदार शेपटीचे २१०. काळे, कपाळावर पांढरा टिळा ११५. (नावं तुम्ही घाला.)

त्याची: पाखरं दोनदा मोजताय. नव्या माणसाचं होतं असं.
तिची: आणि जुन्या माणसाचं?

त्याची: थापटे ७०. चांदवे १००. मोजणारी आज केस मोकळे सोडून आली – १.
तिची: थापटे ११०. चांदवे १३०. बगळा १. मोजायचा नव्हता, पण सारखा मध्येच येत होता.

त्याची: तलवार १५५. तुला थंडी वाजतेय, सांगत का नाहीस?

या चिठ्ठीत पहिल्यांदा ‘तू’ आलं. तोंडाने मात्र तो अजून ‘तुम्ही’च म्हणत होता. महिनाभर त्यांचं असंच चाललं – कागदावर तू, हवेत तुम्ही. मग एक दिवस वाऱ्याने चिठ्ठी उडून पाण्यात गेली आणि त्याला तोंडानेच सांगावं लागलं –

“मी लिहिलं होतं की... तू आलीस की तळं भरल्यासारखं वाटतं.”

“पातळी मोजून सांगतोयस का?”

“वीस सेंटिमीटर. नक्की.”

•

मामा सगळं ओळखून होता. बगळा पहिल्यांदा दुकानात आला तो दुर्बिणीची काच बघायला. दुसऱ्यांदा आला तो दोरी बदलायला. तिसऱ्यांदा आला तेव्हा मामाने चष्मा नाकावर ओढून त्याला आपादमस्तक न्याहाळलं.

“आज काय बिघडलं?”

“डोळे तपासायचेत.”

“दिसत नाही?”

“दिसतं. पण... तपासलेले बरे.”

“ठणठणीत डोळ्यांचा माणूस चष्म्याच्या दुकानात तीनदा येतो,” मामा तिच्याकडे बघत म्हणाला, “म्हणजे आजार दुसरा आहे. घे बाई, तपास. मी चहा सांगायला जातो. सावकाश जातो.”

तिने त्याला खुर्चीत बसवलं. भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता त्याने वरून खालपर्यंत धडाधड वाचला. शेवटची ओळ तर तिलाही सहज वाचता यायची नाही. त्याखाली तक्ता छापणाऱ्याचं मुंगीएवढं नाव होतं, तेही वाचलं.

“शहाणपणा पुरे,” ती म्हणाली आणि कार्डावर लिहिलं: दोन्ही डोळे उत्तम.

ते कार्ड त्याने वहीत ठेवलं. पुढे मोजणीत फरक निघाला, की काढून तिच्यासमोर धरायचा. “सही कोणाची आहे? वाच.”

ती हसायची. हसत होती... किती आठवडे.

•

आता इथे गोष्ट जरा अडखळते. कारण तिला नक्की कधी कळलं, हे तिलाच सांगता येत नाही.

कदाचित चहाच्या दिवशी. थर्मासचं झाकण भरून तिने त्याच्या हाताजवळ दगडावर ठेवलं आणि त्याने हात फिरवताच ते लवंडलं. “कधी ठेवलास?” म्हणाला.

नाही. त्याच्याही आधी. चक्रवाकांची जोडी त्याच्या डाव्या खांद्यावरून गेली, इतक्या जवळून की पंखांचा आवाज ऐकू आला. तिने श्वास रोखला. त्याने मान वळवलीच नाही. आवाज पुढे गेल्यावर म्हणाला, “कोण होतं?”

किंवा वहीच्या दिवशी. तो पातळी बघायला खाली गेला होता आणि ती काठावर बसून सगळ्या चिठ्ठ्या लावत होती – त्याच्या एका बाजूला, आपल्या दुसऱ्या. दुर्बिणीच्या गोलातून मोजलेले थवे दोघांचे सारखे निघाले. एक-दोन इकडेतिकडे. उघड्या डोळ्यांनी, अख्खं तळं समोर ठेवून मोजलेले मात्र कधीच जुळत नव्हते. आणि फरक दर वेळी एकाच बाजूला. तिची जास्त, त्याची कमी.

पाखरं दोनदा मोजणारा माणूस इतक्या शिस्तीत चुकत नाही.

तिला तिपाई आठवली. तीन पायांची, छातीएवढी उंच, भर उजेडात.

•

“माझ्या नाकाकडे बघ.”

“नाकच का? बाकीचं काय वाईट आहे?”

“बघ म्हटलं ना. एक डोळा झाक. नजर हलवायची नाही.”

काठावर, सकाळच्या कोवळ्या उन्हात, ती त्याच्यासमोर गुडघे टेकून बसली. इतकी समोरासमोर ती दोघं कधी बसली नव्हती. मोजणारी माणसं नेहमी शेजारीशेजारी, पाण्याकडे तोंड करून असतात. त्याच्या पापणीवर धुळीचा एक कण होता. तो तिच्याकडे बघत होता आणि त्या बघण्यात खट्याळपणा होता, आणि त्याखाली खट्याळपणा नव्हता...

तिने हात बाजूला नेला. बोट हलवायला लागली.

“बोट हललं की सांग.”

“बरं.” थोडा वेळ गेला. “तुझ्या नाकावर तीळ आहे. बारीक.”

“बोट.”

“हलव ना मग.”

ती हलवतच होती. हात हळूहळू आत आणला. अजून आत. तिच्या कानाच्या पाळीला बोट लागलं आणि मग –

“हां! आत्ता हललं.”

दुसरा डोळा. तसंच.

“झालं? पास?”

“झालं,” ती म्हणाली आणि उठून पाण्याकडे तोंड करून उभी राहिली. तोंड दिसू नये म्हणून तिला फार लांब जावं लागलं नाही. एक पाऊल बाजूला सरकली, पुरे झालं.

•

तिने लिहायला घेतलेलं:

बगळ्या, तुझ्या डोळ्यांच्या कडेची
(खोडलं.)

काही जणांना समोरचं अगदी स्वच्छ दिसतं, परंतु आजूबाजूची नजर हळूहळू
(खोडलं. पत्रकासारखं झालं.)

चूक माझी. मी फक्त तक्ता वाचून घेतला. तक्ता समोर असतो. मी त्या दिवशी तुझ्याकडे बघत होते, तपासत नव्हते, आणि
(खोडलं. फाडलं.)

मला तू
(हे खोडलं नाही. पण पुढे लिहिलंही नाही.)

मामाने तिची लाल झालेला नाकाचा शेंडा बघितली. फक्त म्हणाला, “पोरी, गिऱ्हाईकाला नंबर सांगताना आपण घाबरत नाही. मग?”

“हे गिऱ्हाईक नाही, मामा.”

“म्हणून तर तूच सांगायला हवं. दुसऱ्याकडून कळलं, तर त्याला वाटेल, तू नुसती बघत राहिलीस.”

सांगितलं, तर त्याचं तळं गेलं. मोजणी गेली, पातळीची नोकरीही बहुतेक गेली. नाही सांगितलं, तर तो सही करणार आणि सगळ्यांचंच तळं जाणार. आणि दोन्हींत ती... तिचा तिने हिशेबच धरला नव्हता.

•

हंगामातली शेवटची मोजणी. धुकं नव्हतं, वारा नव्हता. मोजायला इतका चांगला दिवस उभ्या हंगामात मिळाला नव्हता. पाखरं जायच्या बेतात असतात तेव्हा एकत्र येतात; सगळं पाणी भरून गेलेलं.

वीस पावलं लांब उभं राहून दोघांनी मोजलं. चिठ्ठ्या बदलल्या.

त्याची: एकूण ७३०. वाईट वाटतंय. तू आहेस म्हणून कमी वाटतंय.

तिची: एकूण १,९१०.
यातली मधली तुझी. डावीकडची साडेपाचशे आणि उजवीकडची सहाशेच्या वर तुला दिसत नाहीत. गेली तीन वर्षं दिसत नसावीत.
पाखरं कमी झालेली नाहीत.

त्याने चिठ्ठी वाचली. पुन्हा वाचली. मग मान वळवून डावीकडे बघितलं. नुसते डोळे नाही, अख्खी मान, पार खांद्यापर्यंत. बराच वेळ बघत राहिला. ओठ हलत होते. मग उजवीकडे. तिने बघितलं, तो मोजत होता. नियम मोडून, पुटपुटत.

“म्हणजे...” तो म्हणाला, “आहेत?”

“आहेत.”

“सगळी?”

“सगळी. दर वर्षी येत होती.”

आणि तो हसला! मान मागे टाकून, डोळे मिटून, मोठ्याने. थापट्यांचा एक थवा दचकून उडाला. “आहेत!” तो म्हणाला. “अगं, मला वाटलं होतं... गुरुजी गेले नि पाखरंही गेली. तीन वर्षं मला रात्री झोप...” मग वाक्य तिथेच राहिलं. हसणं हळूहळू उतरलं, उन्हात ओला दगड सुकत जावा तसं.

त्याने वहीतून ते कार्ड काढलं. तिच्यापुढे धरलं नाही. स्वतःच वाचलं.

“उत्तम लिहिलं होतंस तू.”

“हो.”

“मग उत्तम का नाही?”

तिच्याकडे उत्तर होतं. डोळ्यांच्या पडद्याचं, पेशींचं, सगळं. ती म्हणाली, “माझं चुकलं.” त्याने तिचा हात धरायला हात पुढे केला, तो थोडा चुकला, हवेत गेला. तिने आपला हात त्याच्या हाताखाली नेला.

•

मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई सरळ बोलणाऱ्या होत्या.

“कडेकडून मिटत येतं. मधलं शेवटपर्यंत टिकतं, काहींचं तेही जातं. सहा वर्षं, आठ वर्षं, आकडा देत नाही मी. औषध नाही.”

“लवकर कळलं असतं तर?” तिने विचारलं. त्याच्या आधी, त्याच्यापेक्षा घाईने.

“लवकर कळलं असतं,” बाई म्हणाल्या, “तर लवकर कळलं असतं. एवढंच.”

बाहेर बाकावर तो म्हणाला, “ऐकलंस ना? आता नाक पुसत बसू नकोस. त्यावरचा तीळ मला दिसायला हवा.”

•

राखीव यादी ठरवणाऱ्या समितीला त्याने लिहिलेलं पत्र चार ओळींचं होतं. तिने टंकून दिलं, एकही शब्द न बदलता.

‘गेल्या तीन हंगामांत माझ्या नोंदींत दिसणारी घट पक्ष्यांतली नसून मोजणाऱ्याच्या नजरेतली आहे. सोबत डॉक्टरांचा दाखला. यंदाचे खरे आकडे दुसऱ्या मोजणाऱ्याने घेतले असून ते बरोबर आहेत. माझे आकडे रद्द समजावेत.’

समितीचे दोघं जण दुसऱ्याच दिवशी आले, स्वतः मोजून गेले. तळं राहिलं. हॉटेलवाल्याने बोटींवर ताडपत्री घातली. पाणीपुरवठ्याच्या कचेरीने त्याच पत्राचा मान राखून बगळ्याला बिनपगारी रजेवर पाठवलं. त्याने तक्रार केली नाही. तो म्हणाला, “पातळी बघायला उतरायचो त्या घाटाच्या पायऱ्या मलाच नीट दिसत नव्हत्या.”

मग त्याने सांगितलं, एका दिवसाच्या प्रवासावर एक शाळा आहे. नजर जाणाऱ्या मोठ्या माणसांसाठी. काठी घेऊन चालायचं, बोटांनी वाचायचं, हाताला काहीतरी काम. दीड वर्ष. थोडं दिसतंय तोवर शिकलं, तर लवकर जमतं म्हणे.

“मी येते.”

“नाही.”

“विचारलं नाही मी. सांगतेय.”

“आणि इथे मोजणार कोण?”

“मी काय तळ्याची राखणदार आहे? मला तू...” चिठ्ठीत जिथे थांबली होती, तिथेच शब्द पुन्हा अडले. या वेळी तिने ते ढकलले. “मला तू हवा आहेस, बगळ्या. दिसणारा, न दिसणारा, कसाही. लग्न करायचंय मला तुझ्याशी. झालं, बोलले.”

“हे तू मला हिवाळ्यात म्हणाली असतीस,” तो हळूच म्हणाला, “तर मी तुला उचलून पाण्यात उतरलो असतो. बुटांसकट.”

“मग आता?”

“आता तुझ्या आवाजात ‘माझं चुकलं’ ऐकू येतं. ते असताना हो म्हटलं, तर जन्मभर मला कळणार नाही की तू माझी बायको झालीस की माझी भरपाई.”

“किती दुष्ट बोलतोस रे...”

“हो. पण खोटं आहे का?”

खोटं आहे असं ती लगेच म्हणाली असती, तर कदाचित तो थांबला असता. तिला एक क्षण लागला. एकच. तिला खोटं बोलता येत नव्हतं आणि त्याला तिचा थांबलेला श्वास ऐकू आला.

•

शेवटची तलवार बदकं गेली, त्यानंतर दोन दिवसांनी तो निघाला. सकाळची गाडी. तळ्याचा बांध जिथे रस्त्याला लागतो, तिथेच गाडी थांबायची. त्याच्या खांद्यावर एक पिशवी. ती त्याला पोचवायला आली होती आणि काय बोलायचं ते काहीच ठरवून आली नव्हती.

“थांब,” तो म्हणाला. “तुला एकदा नीट बघू दे.”

तो तिच्या अगदी जवळ आला. श्वास लागेल इतका.

“इथून तुझा एक डोळा दिसतो. आणि अर्धं नाक.”

तो एक पाऊल मागे सरकला. “आता चेहरा.” आणखी दोन पावलं. “आता खांदे. हा सदरा मी बघितला नव्हता.”

“दोन वर्षं जुना आहे.”

“जवळच्या माणसांचीच अडचण आहे बघ. अख्खी बघायची, तर मला लांब जावं लागतं.”

तो उलटा चालायला लागला. बांध अरुंद, दोन्ही बाजूंना उतार.

“अरे, मागे बघ!”

“मागे बघितलं, तर तू जाशील. तू सांग ना.”

मग ती सांगत राहिली. “सरळ... डावीकडे हो थोडा. दगड आहे. आता सरळ...” तिच्याच शब्दांनी तो पाऊल पाऊल लांब जात होता. ती गप्प झाली असती तर तो थांबला असता, हे तिला कळत होतं. गप्प झाली असती तर पडलाही असता.

“कुठवर दिसते आता मी?”

“गुडघ्यांपर्यंत!”

“उजवीकडे... खड्डा आहे, मोठं पाऊल टाक...”

“पाय राहिलेत अजून!”

“जा मग अजून मागे... सरळ... हं.”

तो उभा राहिला. पिशवी खाली ठेवली. हात हलवला नाही, नुसता बघत राहिला. रस्त्यावर गाडी येऊन थांबली होती. ड्रायव्हरने एकदा भोंगा वाजवला, मग इंजिन चालू ठेवून वाट बघत बसला.

वाऱ्याने तिचे केस तोंडावर आले. तिने ते सारले नाहीत. हात खाली सोडून, पाय जुळवून ती होती तिथे उभी राहिली. एक पाऊल बाजूला पडलं असतं, तरी ती त्याच्या नजरेच्या कडेला गेली असती.